विषाचे मोजमाप आणि पुराव्याचे ओझे

रासायनिक द्रव्यांपासून मानवी आरोग्याला असलेला धोका मोजण्याची शास्त्रीय रीत आज सर्वमान्य आहे. द्रव्य कोणती इजा करते, किती मात्रेला करते आणि प्रत्यक्षात किती मात्रा शरीरात जाते, या प्रश्नांच्या उत्तरांवरून अंदाज बांधला जातो. परंतु उत्तर हाती येईपर्यंत फवारणी चालू ठेवायची की थांबवायची, हे प्रयोगशाळा ठरवीत नाही. तो राजकीय प्रश्न आहे.

केरळातील कासरगोड जिल्हा याची साक्ष देतो. तेथील सरकारी महामंडळाच्या काजूबागांवर १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारले गेले. बागांच्या पायथ्याशी वस्ती होती. मूल आपल्या वजनाच्या मानाने प्रौढाहून अधिक पाणी पिते, अधिक हवा घेते. सरासरीच्या आकड्यात ते दिसत नाही.

अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी पायथ्याच्या गावातील ११७ शाळकरी मुलग्यांची, फवारणीपासून दूर असलेल्या ९० मुलग्यांशी तुलना केली. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार पहिल्या गटाच्या रक्तात एंडोसल्फान अधिक होते व त्यांची लैंगिक वाढ लांबलेली होती. नमुना लहान असल्याची मर्यादा संशोधकांनी स्वतःच नोंदविली. शास्त्राच्या ठायी असा संयम हा गुणच होय. मात्र ‘कार्यकारणभाव सिद्ध झालेला नाही’ हीच कीटकनाशक उद्योगाची ढाल ठरली. शंकेचा फायदा माणसाला न मिळता मालाला मिळाला.

अखेर डीवायएफआय या युवक संघटनेच्या याचिकेवर १३ मे २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्पादन व विक्रीवर अंतरिम बंदी घातली. २०१७ साली पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये देण्याचा आदेश झाला. तरीही ३,७०४ पीडितांपैकी केवळ आठांना भरपाई मिळाल्याचे न्यायालयाने मे २०२२ मध्ये सुनावले. त्या वेळी राज्यात डाव्या आघाडीचे सरकार होते. फवारणारे महामंडळही सार्वजनिक क्षेत्रातीलच होते. मालकी सरकारी झाल्याने विष सौम्य होत नाही, हा धडा पक्षसभासदांनी नजरेआड करता कामा नये.

म्हणून मागणी स्पष्ट असली पाहिजे. द्रव्य निर्धोक असल्याचे सिद्ध करण्याची जबाबदारी ते विकणाऱ्यावर व वापरणाऱ्यावर असावी. चाचण्यांची संपूर्ण माहिती जनतेसमोर खुली असावी. फवारणीपूर्वी व नंतर मजुरांची आणि लगतच्या वस्तीची आरोग्यतपासणी सक्तीची व्हावी. मुलांची शरीरे हीच प्रयोगशाळा होऊ देणाऱ्या व्यवस्थेला शास्त्रीय म्हणवून घेण्याचा अधिकार नाही.