चादरींचा हिशेब

कथालेखनाच्या शिबिरांत, आणि आता पदव्युत्तर वर्गांतही, मार्क्वेझ यांची ‘वन हंड्रेड इयर्स ऑफ सॉलिट्यूड’ ही १९६७ची कादंबरी आदर्श म्हणून नेमाने पुढे केली जाते. आपण ती बहुधा ग्रेगरी रबासा यांच्या १९७०च्या इंग्रजी अनुवादातून वाचतो, याचा मात्र सहसा उच्चारही होत नाही. शिकवणी ठरलेली असते : वास्तवाला अद्भुताची फोडणी दिली, की जादुई वास्तववाद सिद्ध होतो. ही समजूत निव्वळ चुकीची नाही. कादंबरी लक्षपूर्वक न वाचल्याची ती कबुलीच आहे.

रेमेदियोस चादरींसह आकाशात जाते, हा प्रसंग सर्वांना पाठ असतो. फर्नांडा नंतर दीर्घकाळ देवाची प्रार्थना करीत राहते ती कशासाठी, हे कोणी सांगत नाही. तिला आपल्या चादरी परत हव्या असतात. प्रसंगाचा प्राण या मागणीत आहे. सदेह स्वर्गारोहण भक्तिकथांतही होते. तेथे मागे राहिलेले कापडाचा हिशेब मागत नाहीत. (‘हे आमच्या पुराणांत होतेच’ म्हणणाऱ्यांनी एवढा फरक ध्यानात घ्यावा.) खोसे आर्कादियोच्या रक्ताचा ओघळ गाव ओलांडून आईच्या स्वयंपाकघरात येतो, तोही गालिचे डागाळू नयेत म्हणून भिंतीच्या कडेकडेने, आणि उर्सुला त्या वेळी पावासाठी छत्तीस अंडी फोडण्याच्या तयारीत असते. अद्भुताला घरगुती जिन्नस आणि मोजमाप यांचे वजन बांधल्याखेरीज मार्क्वेझ त्याला जमिनीवरून हलू देत नाहीत. आजीच्या कथनशैलीचा वारसा ते स्वतःच सांगत. वार्ताहराची शिस्तही त्यात आहे.

एवढे तंत्र शिकवता येते, आणि ते शिकवावे. माझा वाद पुढचा आहे. या कादंबरीत विश्वासाची वाटणीच उलटी आहे. उडून गेलेल्या मुलीबद्दल गावकऱ्यांना फारशी शंका येत नाही. केळीच्या मळ्यांतील संपकऱ्यांच्या कत्तलीवर मात्र कोणी विश्वास ठेवीत नाही. प्रेतांनी भरलेल्या आगगाडीतून निसटून खोसे आर्कादियो सेगुंदो परततो, तेव्हा येथे कोणी मेलेलेच नाही, असे त्याला ऐकावे लागते. मग चार वर्षे, अकरा महिने आणि दोन दिवस पाऊस कोसळतो. प्रत्यक्षात युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी मजुरांवर डिसेंबर १९२८मध्ये कोलंबियातील सिएनागा येथे लष्कराने गोळीबार केला होता. मृतांची संख्या आजही वादग्रस्त आहे. तीन हजार हा आकडा नाट्याचे महाकाव्यात्म परिमाण राखण्यासाठी ठेवला, असे लेखकाने २००२च्या आत्मकथनात मान्य केले. पण चादरी आणि अंडी मोजणारा निवेदकच त्याच निर्विकार स्वरात प्रेतेही मोजतो. त्यामुळे अविश्वसनीय ठरतो तो सरकारी खुलासा. हा स्वर नाकारलेल्या घटिताच्या बाजूने उभा आहे. ती बाजू वगळून उरते ते केवळ नक्षीकाम.

एका शिबिरात एका तरुणाने दुष्काळी गावावरची कथा वाचली. तिच्यात कोरड्या विहिरीतून पिवळी फुलपाखरे निघत होती. टँकर किती दिवसांनी येतो, असे मी विचारले. त्याने तत्काळ सांगितले : अकरा, शिवाय माणशी किती हंडे, तेही. पहिल्या खर्ड्यात हे सारे होते, पण मार्गदर्शकांना ते रूक्ष वाटले, म्हणून त्याने गाळले होते.