बहिणाबाईंच्या गावाहून बहिणाबाईंच्या विद्यापीठात

उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचं नाव मिळालं. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतल्या मुलामुलींच्या पदव्यांवर आता आमच्या आसोद्याच्या लेकीचं नाव असतं. माझं माहेर आसोदा, सासर जळगाव, आणि नोकरीची सगळी वर्षं मराठी शिकवण्यात गेली. त्या नावाचा मला अभिमान आहे. पण त्याच आसोद्याच्या मुलीला विद्यापीठ गाठायला जी यातायात करावी लागते, ती पाहून जीव तुटतो.

आसोदा जळगावच्या पूर्वेला पाच-सहा किलोमीटरवर आहे. विद्यापीठ शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, गिरणेपलीकडे बांभोरीजवळ. आधी गावातून जळगावला यायचं, मग शहरात गाडी बदलायची, मग महामार्गावर उभं राहून पुढचं वाहन धरायचं. घरी दुचाकी असेल तर प्रश्न मिटला. पण घरात एकच दुचाकी असेल तर ती भावाकडे किंवा वडिलांकडे असते, मुलीच्या वाट्याला रिक्षा येते. ती सगळ्या सीट भरल्याशिवाय हलत नाही. हिवाळ्यात साडेपाचलाच उन्हं उतरतात. माझी भाची शेवटचा तास अर्धवट सोडून निघते, कारण आई दारात उभी असते. पदव्युत्तर वर्गातली मुलगी शेवटचा तास सोडते, आणि कॉलेजच्या हजेरीपटावर त्याचं कारण कुठेच लिहिलं जात नाही.

आमच्या वाटेवर दुसरा अडसर रेल्वेचा. मुंबई-भुसावळ मार्गावरचं आसोदा फाटक जळगावात कुणालाही विचारा. पहाटे रिक्षात वांगी, मेथी, कोथिंबिरीची गाठोडी आणि त्यांवर हात ठेवून बसलेल्या बाया असायच्या. फाटक पडलं की टँकरची लांबलचक मालगाडी संथपणे सरकायची, ती जाते न जाते तोच समोरून दुसरी यायची. तिकडे बाजारात लिलाव सुरू झालेला असायचा. उशिरा पोचलेल्या मालाला कमी भाव, हा हिशोब तिथल्या प्रत्येक बाईला पाठ होता. आणि माल साधासुधा नाही. आसोदा, भादली, बामणोद या पट्ट्यातलं हिरवट, पांढऱ्या रेघांचं, कमी बियांचं वांगं म्हणजे भरिताचा प्राण. कपाशीच्या काड्यांवर भाजायचं, लाकडी बडगीत ठेचायचं, वर कांद्याची पात आणि सोबत कळण्याची भाकरी. जळगावच्या या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मानांकन वांग्याला मिळालं. ते डोक्यावरून वाहणारी बाई अजून रिक्षात अर्ध्या सीटवरच बसते.

फाटकावर उड्डाणपूल हवाच होता, त्याचं मला कौतुक आहे. महामार्गाचा नवा वळणरस्ताही तरसोदहून पाळधीकडे शहराबाहेरून निघतो. पण पूल आणि वळणरस्ता ज्याच्याकडे वाहन आहे त्याचा वेळ वाचवतात. ज्याच्याकडे नाही त्याला बस लागते, आणि नियोजनाच्या बैठकांत बसचं नाव सगळ्यात शेवटी निघतं.

बहिणाबाईंचा जन्म २४ ऑगस्ट १८८० चा, आसोद्याच्या उखाजी महाजनांच्या घरातला. तेराव्या वर्षी जळगावच्या नथुजी चौधरींशी लग्न झालं, तिशीत वैधव्य आलं. लिहिता-वाचता येत नव्हतं. शेतात, जात्यावर जे सुचलं ते मुलगा सोपानदेव आणि आप्तांनी टिपून ठेवलं म्हणून उरलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्यांच्या कविता पुस्तकरूपात महाराष्ट्रापुढे आल्या. शाळेची वाट जिला कधी सापडलीच नाही, तिच्या नावाच्या विद्यापीठाची वाट तिच्याच गावच्या मुलींना सोपी असायला हवी, एवढंच माझं म्हणणं आहे.

आसोद्याहून पुढे भादली लागतं. भुसावळकडे निघालं की जळगावनंतरचं ते पहिलं स्थानक. जलद गाड्या तिथून धडधडत निघून जातात. ५ मे १९१८ रोजी याच भादली स्थानकावर रेल्वेखाली सापडून बालकवी ठोंबरे गेले, अवघे २७ वर्षांचे. धरणगावात जन्मलेला हा निसर्गकवी तेव्हा महाराष्ट्रभर गाजत होता. त्याच वर्षी इकडे जळगावात ३७ वर्षांच्या विधवा बहिणाबाई शेत आणि लेकरं सांभाळत होत्या, आणि त्यांच्या ओव्या घराबाहेर फारशा कुणाला ठाऊक नव्हत्या. मी वर्गात हे दोन कवी शेजारी शेजारी शिकवायची. मुलं नकाशा काढून बघायची आणि चकित व्हायची, कारण पुस्तकातली ही माणसं त्यांच्या रोजच्या रिक्षाच्या वाटेवरची निघायची. दुसऱ्या एखाद्या राज्यात एवढ्याशा टापूत दोन असे कवी असते, तर तिथे पाहुण्यांच्या बसगाड्या लागल्या असत्या.

म्हणून मागणी साधी आहे. जळगावच्या शहर बसचा एक मार्ग असा आखा: भादली, आसोदा, जळगाव रेल्वे स्थानक, जुन्या जळगावातल्या बहिणाबाईंच्या चौधरी वाड्याजवळचा थांबा आणि शेवटी विद्यापीठ. सकाळी बाजाराची वेळ धरून पहिली फेरी, संध्याकाळी शेवटच्या तासानंतर परतीची फेरी. भाजीची गाठोडी ठेवायला मागे जागा सोडा, विद्यार्थिनींना पास द्या. रेल्वेने कॉलेजच्या वेळेची एखादी गाडी भादलीला थांबवावी आणि फलाटावर बालकवींची ओळख प्रवाशाच्या नजरेत भरेल अशी लावावी. पालकमंत्री, महापालिका, एस. टी. आणि विद्यापीठ या चौघांनी एकदा एकत्र बसलं तर हे येत्या जूनमध्ये सुरू होऊ शकतं. नव्या वर्षाचे प्रवेश होण्याआधी ते करा.