'कशावरून?' या प्रश्नाची प्रेमकथा

लटके प्रेम ही प्रेमकथेतली फार जुनी क्लृप्ती आहे. दोन व्यक्ती काही व्यावहारिक सोयीसाठी प्रेमाचे किंवा विवाहाचे सोंग घेतात, ते वठवता वठवता एकमेकांत गुंततात आणि सोंग उतरवायची वेळ येते तेव्हा ते उतरवणे दोघांनाही जड जाते. मराठी प्रेक्षकाला याचे नावीन्य नाही. २०१२ मध्ये गाजलेल्या 'एका लग्नाची दुसरी गोष्ट' या मालिकेतील घना आणि राधा असेच कराराचे लग्न करतात आणि पुढे खरोखरच प्रेमात पडतात. इंग्रजी किशोरसाहित्यात या प्रकाराला 'फेक डेटिंग' म्हणतात. अशी पुस्तके आपल्याकडे 'फावल्या वेळचे वाचन' म्हणून बाजूला ठेवली जातात. आमचे मत थोडे वेगळे आहे. हीच क्लृप्ती क्वीअर पात्रांच्या वाट्याला आली की तिचा अर्थ मुळातूनच बदलतो, आणि तो बदल साहित्याच्या विद्यार्थ्याने बारकाईने पाहावा असा आहे.

त्यासाठी आम्ही अदीबा जायगीरदार यांची 'हनी अँड इशूज गाईड टू फेक डेटिंग' ही २०२१ साली प्रसिद्ध झालेली कादंबरी समोर ठेवतो. लेखिका मूळच्या बांगलादेशातील असून डब्लिनमध्ये राहतात, आणि कादंबरीही डब्लिनमध्येच घडते. हुमायरा ऊर्फ हनी ही बांगलादेशी मुस्लिम कुटुंबातील, सर्वांना हवीहवीशी वाटणारी शाळकरी मुलगी. आपण बायसेक्शुअल आहोत, म्हणजे आपल्याला मुलगे आणि मुली दोहोंविषयी आकर्षण वाटते, असे ती आपल्या दोन जिवलग मैत्रिणींना सांगते. त्यांचा विश्वास बसत नाही. आजवर तर तू मुलांबरोबरच फिरलीस, मग हे कशावरून? या उलटतपासणीला कंटाळून हनी एक थाप ठोकून देते : इशिताशी माझे जुळले आहे. इशिता ऊर्फ इशू ही भारतीय बंगाली, अभ्यासात हुशार, फटकळ आणि शाळेत फारशी कुणाला न आवडणारी. तिला 'हेड गर्ल' व्हायचे आहे आणि त्यासाठी लोकप्रियता हवी आहे. हनी ती मिळवून देईल या अटीवर इशू सोंगाला तयार होते.

येथे घना-राधेची गोष्ट पुन्हा आठवून पाहावी. ते दोघे खोटे बोलतात आणि घरदार त्यांच्यावर सहज विश्वास ठेवते. एक मुलगा, एक मुलगी, गळ्यात हार. एवढ्यावर सगळ्यांचे समाधान होते. हनी मात्र आरंभी खरे बोलते आणि तिच्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. तिला स्वतःविषयीच्या सत्याचा पुरावा म्हणून खोटे उभे करावे लागते. स्त्री-पुरुषांच्या कथेत सोंग एखादी अडचण टाळण्यासाठी घेतले जाते. या कथेत समोरच्याची अविश्वासू नजर ते घ्यायला लावते. या फरकामुळे एरवी गमतीची ठरणारी कारस्थाने येथे अपमानाच्या छायेत घडतात. एकत्र छायाचित्र काढणे, चारचौघांत हात धरणे, भेटींचे नियम ठरवणे हे सारे त्या अदृश्य न्यायालयापुढे मांडायचे दस्तऐवज होऊन बसतात.

कादंबरीचे स्थळही या दृष्टीने महत्त्वाचे आहे. आयर्लंडमध्ये पुरुषांमधील समलिंगी संबंध १९९३ साली गुन्ह्यांच्या यादीतून वगळले गेले. २०१५ मध्ये सुमारे ६२ टक्के मतदारांनी समलिंगी विवाहाच्या बाजूने कौल दिला, आणि सार्वमताने अशी मान्यता देणारा आयर्लंड हा जगातील पहिला देश ठरला. हनीच्या मैत्रिणी याच बदललेल्या आयर्लंडमध्ये वाढलेल्या आहेत. तरीही मैत्रिणीचे एक वाक्य त्यांना मान्य करता येत नाही. उलट आपल्या धर्मावर श्रद्धा असलेल्या हनीचे आईवडील मात्र तिला समजून घेतात. परंपरागत घर म्हणजे जाच आणि आधुनिक समाज म्हणजे मुक्ती, हा आपल्याही समीक्षेतला एक सोपा साचा लेखिकेने येथे नाकारला आहे. शाळेत हनीचे नावसुद्धा सोयीसाठी 'मायरा' केलेले आहे. घरचे 'हनी' हे नाव तेथे कुणी वापरत नाही. ती बायसेक्शुअल असल्यावर अविश्वास दाखवणे आणि तिचे नाव आपल्या जिभेला सोपे करून घेणे ही एकाच वृत्तीची दोन रूपे आहेत, असे आम्हांला वाटते.

कादंबरी निर्दोष आहे असा आमचा दावा नाही. दोघी आळीपाळीने प्रथमपुरुषी निवेदन करतात, पण त्यांच्या स्वभावात जेवढे अंतर आहे तेवढे त्यांच्या भाषेत जाणवत नाही. मैत्रिणींची पात्रेही एकसुरी आहेत. मात्र आमचा मुख्य आक्षेप रचनेविषयीचा आहे. शेवटी हनी आणि इशू खरोखर प्रेमात पडतात, म्हणजेच मैत्रिणींनी मागितलेला पुरावा अखेर कथानकच त्यांच्या हाती देते. हनीला कोणतीही मुलगी भेटली नसती तर तिचे म्हणणे खोटे ठरले असते का? अर्थातच नाही. पण एकटी असलेली आणि तरीही जिच्या शब्दावर विश्वास ठेवला जातो अशी हनी या साहित्यप्रकारात बसत नाही, कारण त्याला शेवटी जोडी हवी असते. लेखिकेला या अडचणीची जाणीव असावी. हनीने मैत्रीण उभी केल्यावरही त्या दोघींचे समाधान होत नाही, हे तिने दाखवले आहे. पुरावा मागणाऱ्याला कोणताच पुरावा पुरत नसतो, हे हनी हळूहळू ओळखते आणि त्यांच्यापासून दूर होते. कादंबरीतला आम्हांला सर्वांत मोलाचा वाटलेला निर्णय हा आहे. प्रेमाची कबुली त्याच्या नंतर येते.

मराठीत या विषयावर लेखन झालेच नाही असे नाही. तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' १९८१ साली रंगभूमीवर आले, तर सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ साली प्रसिद्ध झाली. दोन्ही कृती मोलाच्या आहेत, पण दोन्हींच्या शेवटी वियोग किंवा विनाश आहे. आपल्या विद्यार्थ्यांनी क्वीअर पात्र फक्त दुःखाच्या प्रकाशात पाहिले, तर दुःख हा त्या पात्राचा स्वभावच आहे असा त्यांचा समज होण्याची भीती असते. सुखान्त म्हणजे उथळपणा हे समीकरण आपण मराठीच्या अध्यापकांनी एकदा तपासून पाहायला हवे. सोळा-सतरा वर्षांच्या वाचकाला आपल्यासारख्या कुणाचे तरी चांगले झाले हे वाचायला मिळणे, याला साहित्यबाह्य गरज म्हणून हिणवणे आम्हांला पटत नाही.

आपल्या देशात ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्ह्याच्या कक्षेबाहेर काढले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. कायद्याची वाटचाल अशी पुढे-मागे होत राहील. वर्गातला प्रश्न त्याहून लहान आणि रोजचा आहे. वर्गात कुणीतरी हनी बसलेली असू शकते, आणि आपण काय वाचायला देतो, कशाला हसतो, कशाला 'हलके' म्हणतो याकडे तिचे लक्ष असते. उद्या तिने काही सांगितलेच, तर आपल्या तोंडून पहिला शब्द 'कशावरून?' असा निघू नये. अभ्यासक्रमात या कादंबरीला जागा मिळो न मिळो, ही एवढी सवय लावून घेण्यासाठी अध्यापकांनी ती अवश्य वाचावी.