चिरीमिरी आणि हप्ता

परदेशात स्वतः मोटार चालवत एका देशातून दुसऱ्या देशात जाणाऱ्यांचे लेखन मराठीत आता दुर्मीळ राहिलेले नाही. दिवाळी अंकांतून, रविवारच्या पुरवण्यांतून आणि पुस्तकरूपानेही ते येत असते. या लेखनात एक प्रसंग इतक्या नेमाने भेटतो, की कीर्तनातल्या उत्तररंगासारखी वाचक त्याची वाटच पाहत असतो. सीमेवरचे सोपस्कार आटोपून गाडी नव्या देशात वीस-पंचवीस किलोमीटर गेली, की काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा दंडुका फिरवत एक पोलीस ती थांबवतो. कागद उलटसुलट करून पाहतो. दिवे लावलेले नाहीत, नंबरप्लेट मळलेली आहे, वेग जास्त होता, असे काहीतरी काढतो आणि मग अंगठा व तर्जनी एकमेकांवर चोळतो. लेखक भाषा कळत नसल्याचा बहाणा करतो. 'इंडिया' हा शब्द कानी पडताच पोलिसाला राज कपूर आठवतो, फार तर मिथुन चक्रवर्ती. एखादी ओळ गुणगुणली जाते, पाठीवर थाप पडते आणि गाडी सुटते. गाणे कामी येत नाही तिथे दहा डॉलरची नोट पासपोर्टात सरकवली जाते. दोन्ही प्रकारांत परिच्छेदाचा समारोप एकच असतो: 'या देशांत हे असेच चालते.'

आपण हसतो आणि पान उलटतो. वर्गात शिकवताना याच प्रसंगाला 'प्रसन्न विनोद', 'व्यक्तिचित्रणाचे कौशल्य' अशी पदके देतो. माझे म्हणणे असे, की हा प्रसंग जसा लिहिला जातो तसा तो प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकाराशी केलेला अप्रामाणिकपणा आहे, आणि त्याला दाद देणारे आपण, विशेषतः आपण शिक्षक, त्यात सामील आहोत.

आधी शब्दांकडे पाहू, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. मराठीत लाचेसाठी चहापाणी, चिरीमिरी, वरकमाई, तोडपाणी, हप्ता असे पुष्कळ शब्द आहेत, पण ते समानार्थी नाहीत. 'चिरीमिरी' म्हणजे प्रासंगिक, किरकोळ, दिली आणि विसरली अशी रक्कम. 'हप्ता' म्हणजे ठरलेली, वेळच्या वेळी भरावी लागणारी, न भरल्यास धंदा बंद पाडणारी रक्कम. पहिल्या शब्दात घटना आहे, दुसऱ्यात व्यवस्था आहे. इतर भाषांतही हा फरक दिसतो. पूर्व आफ्रिकेत स्वाहिलीत लाचेला 'कितू किदोगो' म्हणतात, म्हणजे 'थोडेसे काही'. 'चाय' हा शब्दही तिथे याच अर्थाने चालतो. हे मागणाऱ्याच्या सोयीचे शब्द झाले. मेक्सिकोत मात्र पोलिसाच्या लाचेला 'मोर्दिदा' म्हणतात, म्हणजे 'चावा'. तो शब्द ज्याचा लचका तोडला गेला त्याच्या बाजूने घडलेला आहे. आपल्या प्रवासवर्णनांना चाव्याची बाजू माहीतच नाही. ती सदैव 'थोडेसे काही' याच सुरात बोलतात, कारण लेखकाला ते खरोखरच थोडेसे असते. तो त्या रस्त्याने आयुष्यात एकदाच जाणार असतो.

त्याच रस्त्याने आठवड्याला जाणारा माणूस त्याच्या गाडीच्या पुढेमागे ट्रकमध्ये बसलेला असतो. प्रवासवर्णनात तो दिसतो तो फक्त 'ट्रकांची लांबच लांब रांग' या शब्दांत, निसर्गवर्णनाचा भाग म्हणून.

या माणसाचे वर्णन कोणी केलेच नाही असे नाही. ते अर्थशास्त्रज्ञांनी केले आहे. बेंजामिन ओल्केन आणि पॅट्रिक बॅरन यांचा २००९ साली प्रसिद्ध झालेला इंडोनेशियातील आचे प्रांताविषयीचा अभ्यास पाहावा. २००५च्या अखेरीपासून २००६च्या मध्यापर्यंत त्यांचे निरीक्षक आचेतून शेजारच्या उत्तर सुमात्रा प्रांतात जाणाऱ्या ट्रकांत चालकाशेजारी बसले आणि वाटेत कोणाच्या हातावर काय ठेवले गेले ते टिपत गेले. ३०४ फेऱ्यांत ६,०००हून अधिक बेकायदा रकमा मोजल्या गेल्या. सैनिक, पोलीस, वजनकाट्यावरचे कर्मचारी असे सगळेच घेणारे होते. रोख नाही तर सिगारेटची पाकिटे. ही सीमा एकाच देशातील दोन प्रांतांमधली आहे, पण लाचेचा हिशेब कसा चालतो हे तिथे लख्ख दिसते. शांतता करारानंतर आचेतून सैन्य मागे गेले, नाके घटले, तेव्हा उरलेल्या नाक्यांवरची रक्कम वाढली. मुक्काम जवळ येईल तशी मागणीही वाढत होती, कारण इतक्या दूर आलेला ट्रक आता मागे फिरणार नाही हे नाकेवाल्याला ठाऊक असते. विनोदी परिच्छेदात ज्याला आपण ढेरपोट्या पोलिसाची लहर समजतो, ती लहर नसून भाव आहे, आणि तो बाजारातल्या भावासारखाच चढतो-उतरतो.

दुसरे उदाहरण खऱ्या आंतरराष्ट्रीय सीमेचे. घानाच्या तेमा बंदरातून निघालेला माल सुमारे एक हजार किलोमीटर उत्तरेला, पागा येथील सीमा ओलांडून बुर्किना फासोच्या वागादुगू या राजधानीत जातो. पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक समुदायाने नागरिकांच्या मुक्त संचाराचा करार १९७९ सालीच केला होता. (बुर्किना फासो त्या समुदायातून जानेवारी २०२५ मध्ये बाहेर पडला.) तरीही या मार्गावर जागोजागी नाके राहिले आणि नाक्यागणिक हात पुढे होत राहिले. घाना सरकारने २०१० साली पोलिसांचे पगार दुप्पट केले. 'बिचाऱ्यांना पगार पुरत नाही, म्हणून घेतात' हे प्रवासवर्णनकारांचे आवडते तत्त्वज्ञान पारखण्याची ही आयती संधी होती. जेरेमी फोल्ट्झ आणि क्वेकू ओपोकू-आग्येमांग यांनी २,१०० हून अधिक ट्रकफेऱ्यांची आणि लाच मागितली जाऊ शकेल अशा ४५,००० हून अधिक थांब्यांची नोंद तपासली. एकच ट्रक दोन्ही देशांतून जात असल्यामुळे पगार वाढलेल्या आणि न वाढलेल्या पोलिसांची तुलना करता आली. निष्कर्ष असा निघाला, की पगारवाढीनंतर घानाच्या पोलिसांची वसुलीची खटपट वाढली, आणि ट्रकचालकांकडून त्यांच्या हाती पडणारी एकूण रक्कमही वाढली. नोंदीत घेतलेले ट्रक कागदपत्रे पूर्ण असलेले होते, हेही लक्षात ठेवावे. गुन्हा नव्हता, तरी दंड होता.

याचा अर्थ पगार वाढवू नयेत असा कोणी घेऊ नये. अर्थ एवढाच, की रस्त्यावरचा पोलीस हा एकटा माणूस नव्हे. त्याला कोणी नेमले, ती जागा मिळवण्यासाठी त्याने काय मोजले, गोळा झालेल्यातले वर किती जाते, हे प्रश्न विचारल्याशिवाय त्याचे व्यक्तिचित्र पुरे होत नाही. जॉर्जियाचे उदाहरण इथे बोलके आहे. २००३च्या नोव्हेंबरमधील 'गुलाब क्रांती'पूर्वी तिथल्या वाहतूक पोलिसांत जागा विकत घेतल्या जात आणि वसुलीचा वाटा वरिष्ठांकडे जाई. मिखाइल साकाश्विली यांच्या सरकारने सुमारे १६,००० वाहतूक पोलिसांना एकदमच घरी पाठवले, नवी गस्ती पोलीस यंत्रणा उभारली आणि नव्यांना चांगला पगार दिला. रस्त्यावरची लाच जवळजवळ थांबली. म्हणजे 'या देशांत हे असेच चालते' हे वाक्य निदान एका देशापुरते काही महिन्यांत खोटे ठरले. जी गोष्ट रक्तात किंवा संस्कृतीत आहे असे प्रवासी सांगत होते, ती नेमणुकीच्या पद्धतीत होती. अर्थात याच जॉर्जियात २०२४च्या अखेरीस निदर्शकांवर पोलिसांनी पाण्याचे फवारे आणि अश्रुधूर सोडला, हेही विसरता येत नाही. लाच न घेणारा पोलीस आणि न्याय्य सत्ता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पण एवढी गुंतागुंत पेलण्याची ताकद दहा डॉलरच्या विनोदात कुठून येणार?

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, की परक्या मुलखात, अपरात्री, भाषा येत नसताना प्रवाशाने करायचे तरी काय? प्रश्न रास्त आहे, आणि पैसे देऊन सुटणाऱ्याला मी दोष देत नाही. बंदुकीपुढे नीतिशास्त्र शिकवणे हा घरबसल्यांचा उद्योग आहे. आपला कायदासुद्धा इतका निष्ठुर नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ साली झालेल्या दुरुस्तीने लाच देणाऱ्यालाही गुन्हेगार ठरवले, परंतु जबरदस्तीने द्यावी लागली आणि सात दिवसांत ते कळवले तर सूट ठेवली. ही तरतूद आपल्या देशापुरती आहे, पण तिच्यातला विचार लेखकाला उपयोगी पडावा: सक्ती झाली असेल तर ती उघड सांगा, म्हणजे तुम्ही तिचे भागीदार उरत नाही. प्रवासवर्णन हे असे सांगणे होऊ शकले असते. त्याची केली गेली ती फुशारकी.

शिवाय अनुभवी प्रवासी एकमेकांना जे सल्ले देतात ते नीट वाचावेत: घाई करू नका, इंजिन बंद करून शांत बसा, पावती मागा, पोलिसाचे नाव आणि क्रमांक लिहून घ्या, दंड चौकीवर येऊन भरतो म्हणा, मूळ कागद हाती देऊ नका. सल्ले चोख आहेत आणि पुष्कळदा लागूही पडतात. पण ते लागू पडतात ते वेळेच्या आणि पासपोर्टच्या बळावर. मोटारीतला प्रवासी दोन तास बसून राहिला तर त्याचा एक सूर्यास्त बुडेल. बुर्किना फासोतून घानाच्या बाजारांत वर्षानुवर्षे टोमॅटो आले. तो माल भरलेल्या ट्रकचा चालक दोन तास बसला, मग पुढच्या नाक्यावर आणखी दोन तास, तर त्याचा माल कुजेल आणि मालक त्याला उद्या कामावर ठेवणार नाही. पावती मागण्याची चैन त्याला परवडत नाही. लेखक आपल्या चतुराईचे श्रेय घेतो, तेव्हा ती चतुराई कोणत्या भांडवलावर उभी आहे हे तो सांगत नाही.

दुसरा आक्षेप विनोदाच्या कैवाऱ्यांचा: सगळीकडे समाजशास्त्र आणले तर प्रवासवर्णनाचा अहवाल होईल, हसायचेच नाही का? हसावे, जरूर हसावे. पण विनोदात कोण कोणाला हसतो हा प्रश्न आपण कथेला आणि नाटकाला विचारतो, तो प्रवासवर्णनाला का विचारत नाही? मराठी प्रवासलेखनाचा आरंभ या बाबतीत आपल्याला लाजवणारा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली चार पैसे मिळवावेत म्हणून उत्तरेकडे निघाले आणि बंडाच्या धामधुमीत सापडले. 'माझा प्रवास' त्यांनी १८८३ साली लिहिले आणि ते १९०७ साली छापले गेले. वाटेतल्या शस्त्रधाऱ्यापुढे निःशस्त्र माणूस कसा उभा राहतो, कमावलेले कसे जाते, भीती कशी असते, हे त्या भिक्षुकाने न लपवता सांगितले आहे. त्यात विनोदही आहे. पण भट लुटला जात असताना त्याच्या शेजारी कोण लुटले जात होते, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. त्याला पाठीशी घालणारा पासपोर्ट नव्हता, हे त्याचे दुर्दैव आणि त्याच्या लेखनाचे सामर्थ्य.

आता आपल्याविषयी. परदेशी पोलिसाची ही नक्कल आपल्याला आवडते त्याचे आणखी एक कारण आहे. तिच्यामुळे आपला नाका आपल्यापुरता स्वच्छ होतो. मुंबईतील जकात नाके २०१७ साली वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाले. तोवर त्या नाक्यांशी ताटकळणाऱ्या ट्रकांच्या रांगेवरून आपल्यापैकी किती जण गेले असतील! त्या रांगेतील माणसावर मराठी ललित गद्याने किती पाने खर्च केली? इथे जे दिसले नाही ते पागाच्या सीमेवर दिसेल अशी अपेक्षाच व्यर्थ आहे. 'या देशांत' असे म्हणताना आपला देश वगळण्याची जी सोय व्याकरण देते, ती लेखकाने बिनदिक्कत घेतली आणि आपण ती शुद्धलेखन तपासून परत केली.

म्हणून प्रवासवर्णन शिकवणाऱ्यांना आणि शिकणाऱ्यांना एक सूचना. असा प्रसंग आला, की 'विनोद कसा साधला आहे ते सांगा' हा प्रश्न बाजूला ठेवावा आणि मजकुरालाच चौकशी करावी. किती पैसे मागितले आणि कशासाठी? त्याच नाक्यावर त्याच दिवशी आणखी कोण थांबले होते आणि त्यांनी किती दिले? लेखक सुटला तो कशाच्या जोरावर? ज्या लेखनात या प्रश्नांची उत्तरे मुळीच सापडत नाहीत, त्याला निरीक्षणशक्तीचे गुण देऊ नयेत. आचेतील ट्रकात चालकाशेजारी बसून सिगारेटची पाकिटे मोजणाऱ्या निरीक्षकाने शैलीचा कोणताही दावा केला नव्हता, पण प्रवासवर्णनकाराचे पहिले काम, म्हणजे शेजारच्या माणसाकडे पाहणे, त्याने केले होते. पैसे देऊन सुटणे ही प्रवाशाची अगतिकता असू शकते. मागच्या ट्रकाकडे न पाहता ते लिहिणे ही मात्र लेखकाची निवड आहे, आणि तिचा जाब समीक्षेने विचारला पाहिजे.