संवेदनेचे मारेकरी कोण?

यंत्राने स्त्रीची संवेदना मरते, असे एक विधान अलीकडे मराठीत बरेच फिरते. आरोग्याच्या सदरांत ते सल्ला म्हणून येते, कौटुंबिक नियतकालिकांत चिंता म्हणून येते, आणि एरवी पुरोगामी असलेल्या बैठकींत, आवाज जरा खाली आणून, ‘शेवटी निसर्ग तो निसर्ग’ अशा शब्दांत येते. रोख असतो तो चोषणावर चालणाऱ्या लैंगिक खेळण्यांवर. ही उपकरणे वापरली की इंद्रिय बधिर होते, मग माणसाचा स्पर्श पुरत नाही, आणि अखेरीस सुखाची क्षमताच नाहीशी होते, असा तीन पायऱ्यांचा जिना त्यात दाखवलेला असतो. आम्हाला हा जिना तपासायचा आहे. पहिली पायरी अर्धीमुर्धी खरी, दुसरी निराळ्याच इमारतीतून आणलेली आणि तिसरी हवेत, असे आमचे मत आहे. तपासणीसाठी आम्ही मावळातल्या एका अशा माणसाची पद्धत उसनी घेणार आहोत, ज्याला या कामी आपले नाव निघालेले मुळीच रुचले नसते.

आधी वस्तू कोणती ते पाहू. २०१४ साली जर्मनीत ‘वुमनायझर’ नावाचे उपकरण बाजारात आले. त्यावर खटलाच भरायचा असेल तर तो नावावर भरावा. दोन वर्षांनी ‘सॅटिस्फायर’ आले आणि किमती खाली उतरल्या. यांना चोषणयंत्रे म्हणण्याची पद्धत पडली आहे खरी, पण तिथे सलग चोषण नसते. शिश्निकेच्या टोकाभोवती एक लहानसे तोंड टेकते, आत एक पडदा वेगाने मागेपुढे होतो, आणि कोंडलेल्या हवेचा दाब क्षणात उतरतो, क्षणात चढतो. टोकाला घासणारे काही नसते. हवाच काय ती हलते. पंपाने हवा काढून दाब उतरलेलाच ठेवणारी उपकरणे वेगळी. तिथे रक्त ओढले जाते, भाग फुगतो, आणि अतिरेक झाला तर कातडीखाली बारीक रक्तस्राव होतो, काळेनिळे डाग पडतात. इशारे देणाऱ्यांच्या लेखनात हा भेद आम्हाला क्वचितच आढळला. (शब्दांचेही पाहा. ‘शिश्निका’ म्हणजे शिश्नाची धाकटी आवृत्ती. इंद्रिय स्त्रीचे, नाव पुरुषाच्या मापाने. आणि ‘शोषण’ हा सरळ शब्द तर वापरायची सोयच नाही, तो उच्चारला की मोर्चा निघतो. म्हणून चोषण.)

आता लोणावळा. मुंबई-पुण्याच्या जोडप्यांना हे गाव शनिवार-रविवारच्या एकांतासाठी ठाऊक आहे, आणि तो एकांतही पुष्कळदा लग्नाचा पुरावा मागणाऱ्या लॉजवाल्याच्या मर्जीवर. पण शरीरातल्या चोषणाचा एक गंभीर अभ्यास याच गावाशी जोडलेला आहे. जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ साली येथे कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू केले. बस्तीच्या क्रियेत साधक नौली करतो आणि पाणी गुदमार्गाने आपोआप आतड्यात चढते. का चढते? परंपरेपाशी वायूंच्या भाषेतले उत्तर तयार होते. कुवलयानंदांनी तेवढ्यावर न थांबता दाबमापक लावला, आणि नौलीच्या वेळी आतड्यातला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो, म्हणून पाणी ओढले जाते, हे दाखवले. त्या अंशतः निर्वाताला त्यांनी आपले गुरू माधवदास यांचे नाव दिले. आजन्म ब्रह्मचारी असलेल्या माणसाने गुदमार्गात नळी घालून मोजमाप केले आणि ते छापले. तेही शंभर वर्षांपूर्वी, आणि कोणाची क्षमा न मागता.

ज्या हठयोगाचा हा अभ्यास, त्यात जननेंद्रियाच्या चोषणाचीही एक क्रिया आहे: वज्रोली. पंधराव्या शतकातली ‘हठप्रदीपिका’ ती सांगते, आणि स्त्रियांनाही तिचा अधिकार देते. हेतू सुखवृद्धीचा नव्हे, द्रव राखण्याचा आहे, हे आम्ही विसरलेलो नाही. परंतु जननेंद्रिय, नळी, चोषण आणि स्त्री हे चार शब्द एका प्रकरणात आणताना त्या ग्रंथकाराची लेखणी अडखळली नाही. अडखळले ते आधुनिक भाषांतरकार. श्रीशचंद्र वसूंच्या इंग्रजी ‘शिवसंहिते’तून हा भाग अश्लील म्हणून गाळला गेला. तेव्हा हा सारा प्रकार परदेशी कारखान्यांनी आपल्या सोवळ्या संस्कृतीत घुसवला, असे म्हणणाऱ्यांनी आधी आपल्याच पोथ्यांची गाळलेली पाने शोधावीत.

मग ही भीती आली कुठून? आमच्या मते ती जुनीच आहे, लुगडे नेसून आली आहे एवढेच. मराठी मुलग्यांच्या कित्येक पिढ्या वीर्यनाशाच्या धाकात वाढल्या. रक्ताच्या चाळीस थेंबांचा एक थेंब, तो सांडला की स्मृती गेली, डोळे गेले, पौरुष गेले. गावोगावच्या भिंतींवर ‘गुप्तरोग’वाल्यांच्या जाहिराती या धाकावरच जगल्या. रघुनाथ धोंडो कर्वे १९२७ पासून १९५३ मधल्या आपल्या मृत्यूपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’मधून या भुताशी झुंजले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापील उत्तरे दिली म्हणून १९३४ साली त्यांच्यावर खटला चालला; बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले, तरीही कर्व्यांना दंड झाला. पुरुषांपुरते ते भूत आता बरेच उतरले आहे. स्त्रीपाशी मात्र सांडायला थेंबच नाही. म्हणून तिच्यासाठी ‘संवेदना’ हा नवा थेंब शोधून काढण्यात आला. युक्तिवादाचा साचा तोच. शरीरात सुखाचा एक ठराविक साठा आहे, तो एकटीने खर्चला तर नवऱ्यासाठी उरणार नाही. असा साठा शरीरात कुठे असतो, ते कोणत्याही शरीरशास्त्राला अद्याप सापडलेले नाही.

पहिल्या पायरीत तथ्य आहे ते असे. एकाच प्रकारचे स्पंदन कातडीला सतत मिळाले की तिथल्या ग्राहक पेशी त्याची दखल घेणे कमी करतात. जुन्या रस्त्याने बोरघाट चढून आलेल्या दुचाकीस्वाराच्या तळव्यांना मुंग्या येतात. चहाचा पेला हातात धरीपर्यंत त्या जातातही. उपकरणानंतरचा बधिरपणा सामान्यतः याच जातीचा. कंपनाने हातांना कायमची इजा होते हेही खरे, पण ती दगड फोडणाऱ्या यंत्रांवर वर्षानुवर्षे रोज तासन् तास राबणाऱ्या मजुरांना. काही मिनिटांच्या वापराला तो नियम लावणे म्हणजे घोटभर पाण्याला पूर म्हणणे. २००९ साली अमेरिकेत २,०५६ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. कंपनयंत्र वापरलेल्यांपैकी ७१.५ टक्के स्त्रियांना त्यामुळे जननेंद्रियाच्या ठिकाणी कधीच काही त्रास झालेला नव्हता, आणि ज्यांना झाला त्यांचाही बहुधा अल्पकाळच टिकला. ही पाहणी कंपनाची आहे, हवेच्या दाबाची नव्हे; ही उपकरणे तेव्हा जन्मलीही नव्हती. पण ज्या कंपनात यंत्र अंगाला थेट टेकते त्याची ही कथा, तर जिथे टोकाला केवळ हवा लागते तिथे कायमच्या हानीचा दावा करणाऱ्यावर पुराव्याचे ओझे अधिक पडते. ते उचललेले आम्ही पाहिले नाही.

चोषणाविषयी तर पुरावा उलट दिशेचा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००० साली ‘इरॉस’ नावाच्या एका उपकरणाला मान्यता दिली. शिश्निकेवर सौम्य चोषण देऊन रक्तप्रवाह वाढवायचा, हेच त्याचे काम. आणि ते मिळे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर, ज्यांची संवेदना वा उद्दीपन उणावले आहे अशा स्त्रियांसाठी. त्यावरचे अभ्यास लहान होते, त्यांवरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. पण संवेदना मारण्याचा आरोप ज्या तत्त्वावर, तेच तत्त्व संवेदना परत आणण्यासाठी वापरले गेले, एवढे तरी आरोप करणाऱ्यांना ठाऊक असावे. मात्रेचा प्रश्न खरा आहे. जोर फार असेल, वेळ लांबली, रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, मधुमेहाने नसा दुबळ्या झाल्या असतील, तर इजा होते आणि ती उशिरा कळते. दुखू लागले की थांबावे, सुन्न वाटले की दोन-चार दिवस जाऊ द्यावेत, कमी वेगापासून सुरुवात करावी. या साध्या सूचना उपयोगाच्या आहेत. पण त्या देण्यासाठी आधी वापर मान्य करावा लागतो, आणि तेच तर नको असते.

दुसरी पायरी: माणसाचा स्पर्श पुरेनासा होतो. आमचा प्रश्न, तो आधी पुरत होता काय? अमेरिकेतच १,०५५ स्त्रियांची एक पाहणी २०१८ साली छापून आली. कामतृप्तीसाठी केवळ संभोग पुरतो असे म्हणणाऱ्या त्यात १८.४ टक्के होत्या. आपल्याकडे निराळे निघेल असे मानायला काही आधार नाही. सवय लागते हे मात्र कबूल. एकाच लयीत, एकाच दाबाने सुख मिळवीत राहिले की शरीर ती लय शिकते आणि दुसऱ्या लयीला सावकाश प्रतिसाद देते. हे स्वतःच्या हाताबाबतही घडते, पुरुषांबाबतही घडते. शिकलेली गोष्ट वेगळ्या रीतीने पुन्हा शिकता येते. मेलेली नस आणि पडलेली सवय यांत भेद न करणारा लेखक वैद्य असेल तर तो निष्काळजी आहे, आणि वैद्य नसेल तर त्याने या विषयावर सल्ला देऊ नये. सल्ला देणाऱ्यांच्या अज्ञानाला निमित्त जरूर आहे: शिश्निकेचा मोठा भाग शरीराच्या आत असतो हे हेलन ओकॉनेल यांनी १९९८ साली नीट मांडीपर्यंत वैद्यकाची पाठ्यपुस्तकेच त्याबाबत कोती होती. तिच्यात आठ हजार मज्जातंतू असतात हा वर्षानुवर्षे सांगितला गेलेला आकडा तर गुरांवरच्या अभ्यासातून आलेला निघाला. २०२२ साली सात जणांच्या ऊतींमध्ये प्रत्यक्ष मोजले तेव्हा सरासरी १०,२८१ भरली. स्त्रीच्या सुखाची गणती गुरांवरून चालली आणि कोणाला खटकले नाही!

आणि संवेदनेची खरोखर इतकी काळजी असेल, तर तिचे सिद्ध झालेले वैरी समोर आहेत. नैराश्यावरची काही प्रचलित औषधे जननेंद्रियाची संवेदना उणावतात, आणि कधी औषध थांबवल्यानंतरही तो परिणाम राहतो. युरोपीय औषध संस्थेने २०१९ साली हा इशारा औषधाच्या माहितीपत्रकात घालायला सांगितला. मधुमेह, रजोनिवृत्तीनंतरचा कोरडेपणा, बाळंतपणातल्या टाक्यांची हेळसांड हे आणखी. लहान मुलींच्या खतन्याचा प्रश्न २०१७ साली सर्वोच्च न्यायालयात गेला आणि २०१८ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे सोपवला गेला. ती प्रथा पाळणारी कुटुंबे मुंबई-पुण्यातही आहेत. पात्याने संवेदना जाते यावर वाद घालायलाही वाव नाही. या साऱ्यांवर जितके मराठी लेख आम्ही वाचले, त्यांहून अधिक ‘यंत्राच्या आहारी गेलेल्या’ स्त्रीवर वाचले. कारण उघड आहे. गोळी, आजार आणि पाते यांतून स्त्री गमावते. यंत्रातून ती काही मिळवते, आणि कोणाला न विचारता मिळवते.

विक्रेत्यांची तळी उचलण्याचा आमचा मानस नाही. काही सेकंदांत तृप्तीची हमी देणाऱ्या आणि धोका शून्य म्हणणाऱ्या जाहिराती त्याच अज्ञानाचा दुसऱ्या बाजूने धंदा करतात. २०२१ साली या वस्तूंच्या रचनेसाठी व सुरक्षिततेसाठी ‘आयएसओ ३५३३’ हे आंतरराष्ट्रीय मानक आले. पण घरपोच येणाऱ्या कोऱ्या खोक्यात पुष्कळदा ना निर्मात्याचे नाव, ना रबर कसले याची नोंद. खोक्यावर लिहिलेले असते ‘मसाजर’. यातही कायद्याचा वाटा आहे. अश्लील वस्तूंच्या आयातीला मनाई करणारी सीमाशुल्काची अधिसूचना १९६४ ची. तिच्या आधारे अडवलेल्या अंगमर्दनाच्या यंत्रांचा खटला मुंबई उच्च न्यायालयापर्यंत पोचला आणि २०२४ मध्ये न्यायालयाने सीमाशुल्क खात्याचे अपील फेटाळले. या वस्तूंना लैंगिक खेळणी ठरवणे ही अधिकाऱ्याची कल्पनाशक्ती, असा निकालाचा सूर होता. निकाल मालकाच्या बाजूने गेला, बरे झाले. पण वस्तू सुटली ती ‘ही तशी नव्हेच’ या मुद्द्यावर. तशी असती तर काय, हा प्रश्न तसाच राहिला. आणि जी वस्तू कायद्याच्या नजरेत तशी नाहीच, तिच्यावर ‘इतका वेळ, इतका जोर, अमुक आजारात नको’ असे छापायला कोण बसले आहे?

मोजायचेच असेल तर साधन दुर्मीळ नाही. मधुमेही रुग्णांच्या तळपायांची कंपनसंवेदना किती उरली हे पाहणारे बायोथेसिओमीटर नावाचे यंत्र पुण्या-मुंबईच्या मधुमेह-चिकित्सालयांत असते. टोक टेकवायचे, कंपन हळूहळू वाढवायचे, आणि कळले की रुग्णाने सांगायचे. परदेशी संशोधकांनी हीच रीत जननेंद्रियाच्या संवेदनेसाठीही वापरली आहे. वापरापूर्वी, वापरानंतर, तासाभराने, आठवड्याने अशा चार नोंदी मराठी स्त्रियांच्या, त्यांच्या संमतीने, कोणी घेतल्या तर हा वाद एका वर्षात निकाली निघेल, मग उत्तर आमच्या विरुद्ध गेले तरी चालेल. योगाच्या क्रियेला दाबमापक लावणारा माणूस याच जिल्ह्यात होऊन गेला. येथील स्त्रीरोगतज्ज्ञांपैकी कोणी हे काम हाती घेणार असेल, तर त्याचा वृत्तान्त आम्ही याच पानावर आनंदाने छापू.