अंगाचा भार : गो-कार्ट आणि छकडी

गो-कार्टचा चालक वळणावर अंगाचा भार बाहेरच्या बाजूस देतो, हे वाचून अनेकांना नवल वाटते. मोटारसायकलस्वार तर आत झुकतो. कार्टची मागची दोन्ही चाके एकाच अखंड कण्याला जखडलेली असतात. आतले मागचे चाक किंचित उचलले गेल्याशिवाय ती मोकळेपणाने वळत नाही.

सातारा-सांगलीच्या शर्यतींतील दोन चाकांच्या हलक्या छकडीला ही अडचण नाही. तिची चाके स्वतंत्र फिरतात. तिचा तोल पुढे-मागे असतो. हाकणारा फार मागे सरला की गाडी उलाळ होते, फार पुढे आला की भार बैलांच्या मानेवर पडतो.

या शर्यतींचा इतिहास मात्र २०१४ ची बंदी आणि २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल एवढ्यातच आटोपला जातो. बैलांची नावे गाजतात (ते योग्यच), हाकणाऱ्याची विद्या कुणी लिहून ठेवत नाही. २०१७ च्या राज्य नियमांनी चाबूक-काठी वर्ज्य केली. अशा वेळी बैलाची मान जपणारा हा तोलच गाडीवानाची खरी कसोटी मानला पाहिजे. तो वृद्ध गाडीवानांच्या अंगवळणी आहे, कागदावर नाही. त्यांच्याकडून आताच टिपून घ्यायला हवा.