बाई, आमच्याकडे मराठीच बोलतात!

नाताळच्या सुमारास एकदा माझी चांगलीच फजिती झाली. चौथीच्या वर्गात बोरिवलीच्या गावठाणातली एक मुलगी आहे. मी तिला म्हटलं, "तुमच्या इंग्रजीतलं एखादं नाताळचं गाणं म्हण बघू." ती गोंधळली. म्हणाली, "बाई, आमच्याकडे मराठीच बोलतात." लगेच मागून कुणीतरी ओरडलं, "मग तू ख्रिश्चन कशी? ते तर बाहेरचे!" त्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने डबाच उघडला नाही. चूक पोरांची नव्हती, सुरुवात मीच केली होती.

शनिवारी सगळ्या वर्गाला घेऊन मंडपेश्वरला गेले. हजार वर्षांहून जुनी शंकराची लेणी आहेत ही. आत नाचणारा शिव कोरलेला आहे आणि एका भिंतीवर भला मोठा क्रूस! पोरं बघतच राहिली. १५३४ मध्ये वसई आणि साष्टी पोर्तुगीजांच्या हाती गेली. त्यांच्या धर्मगुरूंनी या लेण्यातच चर्च केलं आणि वरच्या टेकाडावर मठ बांधला. त्याच्या पडक्या भिंती अजून उभ्या आहेत. इथले कितीतरी कोळी, कुणबी, आगरी तेव्हा ख्रिस्ती झाले. काही मनापासून, काही सवलतीसाठी, काही दडपणाखाली. हे लपवण्यात अर्थ नाही. १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी वसई घेतली आणि लेण्यात पुन्हा पूजा सुरू झाली.

राज्य गेलं, माणसं मात्र इथेच राहिली, कारण ती इथलीच होती. त्यांनाच आज 'ईस्ट इंडियन' म्हणतात. हे नाव त्यांनी १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा घेतलं. नाव इंग्रजी, पण लग्नाआधी विहिरीवरून वाजतगाजत आणतात ते 'उंबराचं पाणी'! आजीच्या अंगावर लुगडं असतं ते वेगळंच.

"पण बाई, ते मानतात काय?" एकाने विचारलं. प्रश्न बरोबर होता. येशू दोन हजार वर्षांपूर्वी बेथलेहेमात, एका यहुदी सुताराच्या घरी जन्मला. देव सर्वांचा पिता आहे, शेजाऱ्यावर स्वतःसारखं प्रेम करा, शत्रूलाही क्षमा करा, असं तो सांगे. रोमन सुभेदार पिलात याने त्याला क्रूसावर चढवलं. तो दिवस म्हणजे गुड फ्रायडे. या दिवशी कुणाला 'हॅपी' म्हणू नका बरं का, तो दुःखाचा दिवस असतो! तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला, अशी त्यांची श्रद्धा आहे, म्हणून ईस्टर. देव एकच, पण पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत, असं ते मानतात. त्यांचा ग्रंथ बायबल. त्याचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार.

आणि मराठीचं म्हणाल, तर थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज पाद्री १५७९ मध्ये गोव्याला आला, इथली भाषा शिकला आणि ज्ञानेश्वरीसारख्या ओवीत त्याने येशूची कथा लिहिली. 'क्रिस्तपुराण', सुमारे ११ हजार ओव्या! १६१६ मध्ये ते छापलं, पण देवनागरीचे खिळे नव्हते म्हणून रोमन अक्षरांत. अलीकडचं सांगायचं, तर वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही तेच होते.

मग ती मुलगी आपणहून उभी राहिली आणि तिने आजीकडून शिकलेलं नाताळचं गाणं म्हटलं. ठेका अगदी आपल्या कोळीगीतांसारखा. सोमवारी तिने डबाभर 'फुगे' आणले. पोरांना वाटलं, हवेचे! होते मैद्याचे, तळलेले, गोल गोल. मागून ओरडणाऱ्याने चार खाल्ले.